पारदर्शक संवाहक पटले : आकड्यांचे वाचन आणि कृतीचे मौन

बीजशब्द : संवाहक बहुवारिके, पातळ पटल, पृष्ठरोध, पेडॉट-पीएसएस, संशोधनलेखन

प्रास्ताविक

साहित्यकृतीची समीक्षा होते, नाट्यप्रयोगाची होते, इतिहासग्रंथाचीही होते. विज्ञानातील शोधनिबंधाची मात्र बहुधा केवळ तपासणी होते. तो प्रसिद्धीयोग्य आहे की नाही एवढा निर्णय दिला की परीक्षकाचे काम संपते. एखाद्या विषयावर तीन-चार दशके जे लिहिले गेले त्याची लेखनरीती कोणती, त्यात कशाला ठळक स्थान मिळाले आणि काय चार ओळींत गुंडाळले गेले, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात असा विचार एका मर्यादित विषयाच्या संदर्भात केला आहे. तो विषय म्हणजे विजेचे वहन करणारी, पातळ आणि पारदर्शक अशी बहुवारिकांची, म्हणजेच पॉलिमरची, पटले तयार करणे.

हा विषय निवडण्याचे कारण असे की, आपल्याकडील महाविद्यालयांतील भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र विभागांना तो परवडणारा आहे. निर्वात कक्षाची गरज नाही. काचपट्टी, द्रावण, पटल फिरविण्याचे साधे यंत्र आणि तापपट्टिका एवढ्यावर काम सुरू होते. त्यामुळे या विषयावरील लेखनाची संख्या मोठी आहे आणि म्हणूनच त्या लेखनाच्या सवयींची चिकित्सा आवश्यक आहे. प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन थोडक्यात असे की, या क्षेत्रातील खरे ज्ञान पटल 'कसे केले' यात साठलेले आहे, परंतु लेखनाची सारी प्रतिष्ठा 'किती मिळाले' या एका आकड्याला दिली गेली आहे. या उफराट्या मांडणीचे परिणाम शास्त्रीय तर आहेतच, शिवाय ते नैतिकही आहेत.

अपघाताची कथा

संवाहक बहुवारिकांचा इतिहास सांगताना एक कथा हमखास सांगितली जाते. १९६७ साली टोकियो तंत्रज्ञान संस्थेत हिदेकी शिराकावा यांच्या सहवासात काम करणाऱ्या एका पाहुण्या संशोधकाने अॅसिटिलीनच्या बहुवारिकीकरणासाठी उत्प्रेरक घेताना ठरलेल्या प्रमाणाच्या हजारपट घेतला आणि काळ्या भुकटीऐवजी चंदेरी झळाळीचे पटल मिळाले. पुढे १९७६ मध्ये शिराकावा अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अॅलन मॅकडायर्मिड आणि अॅलन हीगर यांच्याकडे गेले, पटलाला प्रथम ब्रोमीनची व नंतर आयोडीनची वाफ देण्यात आली आणि संवाहकता सुमारे एक कोटी पटींनी वाढली. १९७७ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाला, २००० मध्ये तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कथा आटोपशीर आहे. वर्गात सांगितली की विद्यार्थ्यांचे डोळे चमकतात.

या कथेकडे समीक्षकाच्या दृष्टीने पाहिले तर दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की, तिच्यात चुकीला कर्ता नाही. 'उत्प्रेरक अधिक घातला गेला' अशा कर्मणी प्रयोगात वाक्य सरकते. तो पाहुणा संशोधक कोरियातून आलेला होता आणि त्याचे नाव ह्युंग चिक प्यॉन असे होते, हे अनेक वाचकांना ठाऊकच नसते. त्याचप्रमाणे १९७७ च्या निबंधावर पाच नावे होती. एडविन लुईस आणि सी. के. चियांग ही त्यांतील दोन नावे पारितोषिकानंतरच्या कथनात अंधुक झाली. पारितोषिक तिघांपेक्षा अधिक जणांना देता येत नाही हे खरे, परंतु इतिहासलेखनाला तसा नियम नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हजारपट उत्प्रेरकाने पटल का व्हावे? ज्यूलिओ नात्ता यांनी १९५८ मध्ये हेच बहुवारिक भुकटीच्या रूपात मिळविले होते. उत्प्रेरकाचे द्रावण संहत असेल तर वायू त्याला स्पर्श करताक्षणीच अभिक्रिया होते आणि ती द्रावणाच्या निश्चल पृष्ठभागावरच घडून तेथे तंतूंची एकसंध साय धरते. विरल द्रावणात ती आत पसरून भुकटी पडते. दुधावर साय धरण्यासाठी दूध ढवळायचे नसते, हे ज्याला कळते त्याला हेही कळेल. शिराकावा यांनी त्यानंतरची अनेक वर्षे याच गोष्टीचा अभ्यास केला : उत्प्रेरकाची संहती किती, तापमान कोणते, उणे ७८ अंशांना कोणता समरूप मिळतो आणि १५० अंशांना कोणता. म्हणजे १९६७ आणि १९७६ यांच्या मध्ये जवळजवळ नऊ वर्षांचे पटल बनविण्याचे शिस्तबद्ध काम उभे आहे. कथेत ते येत नाही. तेथे एक अपघात आहे आणि एक चमत्कार आहे; मधली कारागिरी गायब आहे.

याहून मागे गेले तर कथा आणखी डळमळते. हेन्री लेथबी यांनी लंडनमध्ये १८६२ साली अॅनिलीनच्या आम्लयुक्त द्रावणातून वीज सोडून प्लॅटिनमवर निळसर-हिरवा थर मिळविला होता. ऑस्ट्रेलियात बोल्टो, मॅकनील आणि वाइस यांनी १९६३ मध्ये आयोडीनयुक्त पॉलिपायरॉलची संवाहकता मोजून प्रसिद्ध केली होती. या कामांमुळे १९७७ च्या निबंधाचे मोल कमी होत नाही. परंतु लेथबींकडे थर होता आणि त्याच्या वहनाचा सिद्धांत नव्हता. ऑस्ट्रेलियन संशोधकांकडे मोजमाप होते आणि हाती धरता येईल असे पटल नव्हते. शिराकावांच्या कृतीने ते पटल पुरविले. शोधाचे पारडे ज्या वजनाने फिरले ते वजन पटल बनविण्याच्या कृतीचे होते, एवढेच येथे दाखवायचे आहे.

पारदर्शकतेचा प्रश्न

पॉलिअॅसिटिलीनचे पटल धातूसारखे चमकत असे. त्यातून आरपार पाहण्याचा प्रश्नच नव्हता आणि हवेत ते टिकतही नसे. तरीही आकड्यांची चढाओढ सुरू झाली. १९८७ मध्ये जर्मनीतील बीएएसएफ कंपनीत हर्बर्ट नारमान व सहकाऱ्यांनी ताणून एका दिशेत रचलेल्या पॉलिअॅसिटिलीनची संवाहकता प्रति सेंटिमीटर एक लाख सीमेन्सच्या पलीकडे नेली. तांब्याची सुमारे सहा लाख असते. हा उच्चांक आज कोणत्याही उपकरणात नाही.

पारदर्शकतेची वाट वेगळ्याच बाजूने आली. फ्रेड वुडल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये पॉलिआयसोथायानॅप्थीन नावाचे बहुवारिक प्रसिद्ध केले. त्याचा ऊर्जापट्टांमधील अंतराळ सुमारे एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतका अरुंद आहे. मूळ अवस्थेत ते गडद रंगाचे असते. पण डोपिंग केल्यावर त्याचे प्रकाशशोषण अवरक्त भागाकडे सरकते आणि दृश्य प्रकाशाला वाट मोकळी होते. येथे एक उलटी वाटणारी गोष्ट घडते : पटल जितके अधिक संवाहक व्हावे तितके ते डोळ्यांना फिकट दिसते. पारदर्शक संवाहक बहुवारिकाची सारी कल्पना या एका निरीक्षणात आहे. तरी या निबंधाचा उल्लेख आज फार थोड्या प्रास्ताविकांत आढळतो.

त्यानंतरचे नाव पेडॉट. जर्मनीतील बायर कंपनीत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रीडरिश योनास, गेरहार्ड हेवांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तयार केले. थायोफीनच्या कड्याला दोन ऑक्सिजनांचे कडे जोडले की अनावश्यक जोडण्यांच्या जागा बंद होतात आणि बहुवारिक हवेत टिकाऊ होते. मूळ अवस्थेत ते गडद निळे, ऑक्सिडीकृत अवस्थेत फिकट आकाशी. अडचण एकच होती, ते कशातच विरघळत नसे. बायरमधील उपाय असा की, पॉलिस्टायरिन सल्फॉनिक आम्लाच्या, म्हणजे पीएसएसच्या, जलीय द्रावणातच त्याचे बहुवारिकीकरण करायचे. पीएसएसच्या लांब ऋणभारित साखळ्या पेडॉटच्या आखूड धनभारित साखळ्यांना सांभाळून धरतात आणि पाण्यात विखुरलेल्या सूक्ष्म कणांचे निळे कलिल मिळते. ते काचेवर ओतता येते, फिरविता येते, सुकविता येते.

हे पटल कशासाठी हवे होते? सौर घटासाठी नव्हे, घडीच्या पडद्यासाठीही नव्हे. ते छायाचित्रणाच्या फिल्मसाठी हवे होते. फिल्मची रिळे वेगाने गुंडाळताना घर्षणाने स्थिर वीज साठते, ठिणगी उडते आणि फिल्मवर प्रकाशाचा डाग पडतो. म्हणून फिल्मच्या पाठीवर वीज हळूहळू वाहून नेणारा, पण दिसू नये इतका स्वच्छ थर पाहिजे होता. पूर्वी वापरले जाणारे आयनयुक्त थर हवेतील ओलाव्यावर अवलंबून असत. कोरड्या हवेत ते निकामी ठरत. आग्फा कंपनीने पेडॉट-पीएसएसचा थर वापरला आणि ती अडचण दूर झाली. या कामाला लागणारा पृष्ठरोध लाखो ओहमचा असला तरी चालत होता. म्हणजे आजच्या मोजपट्टीने जे पटल 'निकृष्ट' ठरेल त्याने आपले नेमून दिलेले काम चोख केले. गुण हा हेतूशी बांधलेला असतो, हे यापेक्षा अधिक स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण या क्षेत्रात नाही.

एकपासून चार हजारांपर्यंत

पेडॉट-पीएसएसचे नुसते सुकविलेले पटल प्रति सेंटिमीटर एक सीमेन्सच्या आतबाहेर संवाहक असते. २००२ मध्ये कोरियातील संशोधकांनी दाखविले की, कलिलात डायमिथाइल सल्फॉक्साइड मिसळले तर हा आकडा ०.८ वरून ८० पर्यंत चढतो. त्यानंतर एथिलीन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल, विविध आम्ले व पृष्ठसक्रिय द्रव्ये यांची रीघ लागली. सिंगापूरमधील जियान्योंग औयांग यांच्या गटाने २०१२ मध्ये सल्फ्युरिक आम्लाच्या प्रक्रियेने ३०६५ सीमेन्स गाठले; कोरियातील क्वांगही ली यांच्या गटाने २०१४ मध्ये संहत सल्फ्युरिक आम्लाने ४३८०. बारा वर्षांत चार हजार पटींची वाढ, आणि बहुवारिक तेच.

येथे थांबून विचार करावा. पेडॉटची रासायनिक रचना बदललेली नाही. बदलली ती केवळ कृती : काय मिसळले, किती मिसळले, कशाने धुतले, कोणत्या तापमानाला किती वेळ ठेवले. म्हणजे या चार हजार पटींचे श्रेय संपूर्णतः पटल बनविण्याच्या रीतीला आहे. असे असताना बहुसंख्य निबंधांत या रीतीला जागा किती? 'काचपट्ट्या स्वच्छ करण्यात आल्या, द्रावण गाळण्यात आले, पटल फिरवून तयार करण्यात आले व तापविण्यात आले.' एवढे लिहून लेखक वर्णपट आणि सूक्ष्मदर्शी चित्रांकडे धाव घेतो.

या चार क्रियापदांत काय दडले आहे ते पाहू. काच पाण्याला नकार देणारी असेल तर कलिल तिच्यावर अळवाच्या पानावरील थेंबासारखे गोळा होते. म्हणून अतिनील प्रकाश व ओझोन किंवा ऑक्सिजन प्लाझ्मा यांनी पृष्ठभाग जलस्नेही करावा लागतो आणि हा गुण काही तासांतच ओसरू लागतो. काच स्वच्छ केली त्याच दिवशी वापरली की दुसऱ्या दिवशी, हे निबंधात लिहिलेले नसते. गाळणीची छिद्रे ०.४५ मायक्रोमीटरची असतील तर मोठे गोळे अडतात, परंतु जुन्या बाटलीतील कलिलात असे गोळे अधिक असतात आणि गाळल्यावर त्याची संहतीच उतरते. बाटली केव्हा उघडली, याची नोंद कोण ठेवतो? फिरविण्याचा वेग मिनिटाला एक हजार फेरे की पाच हजार, वेग किती सेकंदांत गाठला, थेंब स्थिर काचेवर टाकला की फिरत्या, यांवर जाडी ठरते. आणि तापविणे म्हणजे १२० अंश की १४०, दहा मिनिटे की तीस, झाकण ठेवून की उघडे. डायमिथाइल सल्फॉक्साइडचा उत्कलनांक १८९ अंश आहे. ते पाण्यामागून सावकाश जाते आणि जाताजाता साखळ्यांना नीट बसण्यास अवधी देते. उघड्या तापपट्टिकेवर हा अवधी एक, झाकलेल्या काचपात्रात दुसरा.

कारणमीमांसेचीही हीच गत आहे. २००२ च्या निबंधाने वाढीचे श्रेय द्रावकाने विद्युतभारांमधील आकर्षण झाकोळण्याला दिले. २००४ मध्ये औयांग व सहकाऱ्यांनी रमण वर्णपटातील शिखर सरकल्याच्या आधारे साखळीची घडण गुंडाळीतून सरळ होते, असे प्रतिपादन केले. २००६ मध्ये स्वीडनमधील झाविए क्रिस्पँ व सहकाऱ्यांनी पीएसएसचा जादा भाग वेगळा होऊन पेडॉटचे सलग जाळे तयार होण्यावर भर दिला. ही मते परस्परांना पूर्णतः छेद देणारी नाहीत, परंतु एकही नाहीही. तरी नंतरच्या असंख्य निबंधांत ती एकाच वाक्यात, अल्पविरामांनी जोडून येतात, जणू तीन साक्षीदारांनी एकच जबानी दिली आहे. रमण शिखर थोडे सरकले की 'घडण बदलली' असे लिहायचे, हा तर रिवाज झाला आहे. वास्तविक ऑक्सिडीकरणाची पातळी बदलली तरीही ते शिखर सरकते.

आणखी एक विसंगती नोंदवावीशी वाटते. बहुवारिक पटलाचे समर्थन करताना प्रत्येक प्रास्ताविकात लवचीकपणाचा उल्लेख येतो : इंडियम टिन ऑक्साइड ठिसूळ, बहुवारिक लवचीक. परंतु उच्चांक देणारी प्रक्रिया संहत सल्फ्युरिक आम्लाची आहे आणि लवचीक पडद्यासाठी वापरले जाणारे पॉलिएस्टर प्लास्टिक त्या आम्लापुढे टिकत नाही. उच्चांक काचेवर आणि समर्थन प्लास्टिकचे, असा हा संसार आहे. पटल काचेवर करून नंतर प्लास्टिकवर उचलून ठेवण्याच्या युक्त्या पुढे निघाल्या हे खरे. पण मग स्वस्त व सोप्या कृतीचा जो दावा प्रास्ताविकात असतो त्याचे काय, हे कोणी विचारीत नाही. इंडियमच्या दुर्मीळतेचे वाक्यही असेच पाठ झालेले आहे. २००३ ते २००५ या काळात इंडियमचा भाव अनेक पटींनी चढला आणि नंतर उतरला. वाक्य मात्र उतरले नाही. विनोद असा की, सेंद्रिय सौर घट आणि प्रकाश देणारे सेंद्रिय डायोड यांत पेडॉट-पीएसएसने प्रत्यक्षात जी जागा मिळविली ती इंडियम टिन ऑक्साइडच्या जागी नसून त्याच्या डोक्यावर आहे, धनभार पुढे सरकविणारा मधला थर म्हणून. त्यातही पीएसएसच्या आम्लतेने खालचा ऑक्साइड थर झिजतो, हे डच संशोधकांनी २००० मध्येच दाखवून दिले होते.

आकडा कसा वाचावा

संवाहकता हा पदार्थाचा गुण आहे, पटलाचा नव्हे. पटलाचा गुण म्हणजे पृष्ठरोध. चौरस आकाराच्या पटलाच्या समोरासमोरच्या कडांमधील रोध म्हणजे पृष्ठरोध. चौरस लहान असो वा मोठा, तो तेवढाच राहतो, म्हणून त्याचे एकक ओहम प्रति चौरस असे लिहितात. संवाहकता गुणिले जाडी, याचा व्यस्त म्हणजे पृष्ठरोध. १००० सीमेन्सचे १०० नॅनोमीटर जाडीचे पटल १०० ओहम देते. इंडियम टिन ऑक्साइडचे त्याच जाडीचे पटल सुमारे १० ओहम. जाडी दुप्पट केली तर रोध निम्मा होतो, पण पारगमन ९५ टक्क्यांवरून सुमारे ९० वर येते. पारदर्शकता आणि वहन ही एकाच जाडीची दोन देणी आहेत. एक फेडताना दुसरे वाढते. म्हणून एका तक्त्यात संवाहकता आणि दुसऱ्या आकृतीत पारगमन, तेही वेगवेगळ्या जाडीच्या पटलांचे, असे दाखविणारा निबंध वाचकाला काहीच सांगत नाही.

या दोन देण्यांचा एकत्र हिशेब मांडण्याचे प्रयत्न झाले आहेत. जी. हाके यांनी १९७६ मध्ये पारगमनाचा दहावा घात भागिले पृष्ठरोध असा गुणांक सुचविला. दुसरा, प्रकाशशास्त्रावर आधारलेला गुणांक म्हणजे विद्युतीय व प्रकाशीय संवाहकतांचे गुणोत्तर. ९० टक्के पारगमन आणि १०० ओहम असलेल्या पटलाला ते ३५ येते आणि व्यवहारोपयोगी पटलाची किमान पातळी म्हणून हा आकडा रूढ आहे. आता दुसरे पटल घ्या : ८० टक्के आणि ५० ओहम. गुणोत्तराच्या मोजपट्टीने त्याला ३२ मिळतात, म्हणजे दोन्ही पटले जवळपास बरोबरीची. हाके यांच्या मोजपट्टीने मात्र पहिल्याला ३.५ आणि दुसऱ्याला २.१, दोन्ही आकडे हजारांश प्रति ओहम. मोजपट्टी निवडणे हाच एक निर्णय आहे आणि तो कोणत्या उपकरणासाठी घेतला हे सांगितल्याशिवाय गुणांकही फसवा ठरतो.

पारगमनाच्या आकड्यातही खाचाखोचा आहेत. तो बहुधा ५५० नॅनोमीटर या एकाच तरंगलांबीला दिला जातो, कारण डोळा तेथे सर्वांत संवेदनशील असतो. पेडॉटचे शोषण तांबड्या व अवरक्त भागाकडे वाढत जाते; म्हणजे मोजमापासाठी निवडलेली जागा पटलाच्या सोयीची आहे. सौर घटाला तांबडा प्रकाशही हवा असतो. शिवाय काच स्वतः सुमारे आठ टक्के प्रकाश परत पाठविते. कोणी तो वजा करतो, कोणी करीत नाही. पटलाचे ९० टक्के हे काचेसह ८३ टक्केच असतात. दोन निबंधांतील तुलनेत हे सात टक्के कोठे गेले, याचा शोध वाचकाने घ्यायचा.

आपल्या प्रयोगशाळांच्या संदर्भात

वरील चिकित्सा परदेशी निबंधांपुरती ठेवून थांबणे सोयीचे झाले असते. परंतु प्रस्तुत नियतकालिकाचे वाचक महाविद्यालयीन अध्यापक आहेत आणि पातळ पटलांच्या संशोधनाची महाराष्ट्रात दीर्घ परंपरा आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात रासायनिक निक्षेपण व फवारा पद्धतींवर झालेले काम सर्वांच्या परिचयाचे आहे. तेथून निघालेल्या पद्धतींचे मर्म हेच की, स्वस्त साधनांनी, पण कृतीवर घट्ट पकड ठेवून पटल करता येते. बहुवारिक पटलांकडे वळताना आपण साधने घेतली. पकडीविषयी तसे म्हणता येईल का?

एकच उदाहरण पुरेसे आहे. अनेक प्रबंधांत पटलाची जाडी वजनाच्या फरकावरून काढलेली असते. अडीच सेंटिमीटर चौरस काचेवरील १०० नॅनोमीटर जाडीच्या पटलाचे वजन किती भरेल? क्षेत्रफळ सव्वासहा चौरस सेंटिमीटर, घनता सुमारे १ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर धरली तर वजन येते ६२ मायक्रोग्रॅम. महाविद्यालयातील नेहमीच्या तराजूचे लघुतम माप ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम असते. जे पटल तराजूला दिसतच नाही त्याची जाडी तीन अर्थपूर्ण अंकांत लिहिली जाते, त्या जाडीने संवाहकता काढली जाते आणि ती निबंधाच्या सारांशात विराजमान होते. दहापट सूक्ष्म तराजू वापरला तरी चूक पंधरा टक्क्यांच्या घरात राहते. याउलट पृष्ठरोध मोजण्यास जाडीची गरज नाही. तो तसाच द्यावा, यात कमीपणा कसला?

चार टोकांच्या पद्धतीने रोध मोजताना ४.५३ हा गुणक सर्रास वापरतात. तो टोकांमधील अंतराच्या मानाने पटल फार मोठे असेल तरच लागू पडतो. टोकांमध्ये दोन मिलिमीटर अंतर आणि पटल एक सेंटिमीटर चौरस, अशा मांडणीत चूक सहज वीस टक्क्यांवर जाते. गंमत म्हणजे ही चूक रोध फुगवून दाखविते, म्हणजे संशोधक स्वतःच्याच पटलावर अन्याय करीत असतो.

आणि मग हवा. पीएसएस ओलावा शोषणारे आहे. त्याने पटल फुगते, त्याची जाडी व वहन दोन्ही बदलतात. रत्नागिरीत जुलै महिन्यात केलेले पटल आणि सोलापुरात एप्रिलमध्ये केलेले पटल, कृती शब्दशः एकच असली तरी, एक असू शकत नाहीत. आपल्या प्रयोगशाळांत वातानुकूलन अनिश्चित, आर्द्रतेवर नियंत्रण जवळपास नाहीच. हे दैन्य मानून लपविले जाते. वस्तुतः ज्या पटलाला पुढे याच हवेत काम करायचे आहे त्याचा या हवेतील अभ्यास सुसज्ज स्वच्छ कक्षात बसून होणारा नाही. भिंतीवरील आर्द्रतामापकाचा आकडा वहीत लिहिण्यास अनुदान लागत नाही.

हे का होत नाही, याचे उत्तर केवळ आळस असे देता येणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये शैक्षणिक कामगिरीचे गुण निबंधांच्या संख्येशी जोडले. नंतर नियम बदलले, पण निबंध मोजण्याची सवय रुजली. मोजला जाणारा निबंध लवकर व्हावा लागतो. त्यात उच्चांक असावा, नसेल तर 'सौर घटात उपयोगी पडू शकेल' असे वाक्य असावे. ज्याने एकही सौर घट केलेला नाही त्यानेही ते लिहावे. पंचवीस वेळा पटल केले, अकरा फुटले, त्यांतील सात पावसाळ्यात फुटले, ही माहिती अशा निबंधात मावत नाही. ती पटले ज्या विद्यार्थ्याने केलेली असतात तो पदवी घेऊन निघून जातो. त्याच्या हाताला जे कळले होते ते त्याच्याबरोबर जाते आणि पुढच्या वर्षीचा विद्यार्थी पहिल्यापासून काच पुसू लागतो. प्यॉन यांचे नाव कथेतून गळले ती रीत आणि ही रीत एकच आहे.

२०२२ मध्ये चीनमधील ग्वांगजौ येथील संशोधकांनी ऋणभारांचे वहन करणारे एक नवे बहुवारिक प्रसिद्ध केले. त्याची संवाहकता प्रति सेंटिमीटर दोन हजार सीमेन्सच्या वर गेली आहे, पटल दृश्य प्रकाशात स्वच्छ आहे आणि ते डायमिथाइल सल्फॉक्साइडमधील द्रावणातून थेट करता येते. धनभारवाहक पेडॉटला इतकी वर्षे जोडीदार नव्हता, तो यामुळे मिळाला. आपल्याकडेही या बहुवारिकावर काम सुरू होईल, त्यावर प्रबंध होतील. मार्गदर्शकांनी विद्यार्थ्याच्या हाती प्रथम एक जाड वही द्यावी आणि तिच्या प्रत्येक पानावर स्तंभ आखून घ्यावेत : तारीख, खोलीचे तापमान, आर्द्रता, द्रावणाच्या बाटलीचे वय, काच केव्हा व कशी स्वच्छ केली, फिरविण्याचा वेग, झाकण होते की नाही, पृष्ठरोध पाच ठिकाणी, आणि पटल फुटले असल्यास कोठून फुटले. प्रबंधाला परिशिष्ट म्हणून ही वही जशीच्या तशी, विद्यार्थ्याच्या नावासह जोडता येते. त्यास कोणत्याही विद्यापीठाच्या नियमाची आडकाठी असल्याचे दिसत नाही.